झाकली मूठ, उघडे आकाश

विमान ही गुपित राखणाऱ्याला मोठी अडचणीची वस्तू आहे. तोफ तळघरात ठेवता येते, दारूगोळा डोंगराच्या पोटात दडवता येतो. पण विमान पारखून घ्यायचे तर ते आकाशातच न्यावे लागते, आणि आकाशाला पडदा नसतो. राज्यकर्त्यांच्या झाकल्या मुठीतून आणि प्रजेच्या डोक्यावरच्या या उघड्या आकाशातून गेल्या शतकात ज्या दंतकथा जन्मल्या, त्यांचा इतिहास मला खऱ्या विमानांच्या इतिहासाइतकाच मनोवेधक वाटत आला आहे.

या कथेची मुख्य रंगभूमी म्हणजे अमेरिकेतील नेव्हाडाचे वाळवंट. तेथे ग्रूम लेक नावाच्या आटलेल्या सरोवराच्या काठी ऑगस्ट १९५५ मध्ये यू-२ हे टेहळणी विमान प्रथम उडाले. ते घडवले लॉकहीड कंपनीचे अभियंते केली जॉन्सन यांनी, आणि घडवून घेतले सीआयए या हेरखात्याने. त्या काळची प्रवासी विमाने साधारण दहा ते वीस हजार फुटांवरून जात. हे मात्र साठ हजार फुटांच्याही वर चढे. इतक्या उंचीवरून माणूस विमान हाकीत असेल, ही कल्पनाच कुणाला नव्हती.

आता संध्याकाळची वेळ डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेकडे निघालेल्या प्रवासी विमानाच्या वैमानिकापुरता सूर्य मावळलेला आहे, खाली अंधार दाटतो आहे. पण कित्येक हजार फूट वर असलेल्या यू-२ ला अजून ऊन मिळते आहे, आणि त्याचे रुपेरी पंख त्या उन्हात पेटल्यासारखे झळकत आहेत. वैमानिकाने जे पाहिले तेच कळवले: वर काहीतरी अग्निमय चालले होते. अशी पत्रे हवाईदलाकडे येत. चौकशी अधिकारी सीआयएच्या उड्डाणांच्या नोंदींशी ती गुपचूप ताडून पाहत, आणि खरे उत्तर हाती असूनही पत्रलेखकाला भलतेच नैसर्गिक कारण कळवीत.

अशा वार्तांपैकी निम्म्याहून अधिक आमच्याच विमानांमुळे उठल्या, असे सीआयएने पुढे आपल्या इतिहासात लिहिले. मला हा दावा फुगवलेला वाटतो. उडत्या तबकड्यांचे वेड १९४७ मध्येच सुरू झाले होते आणि १९५२ साली त्याला पूर आला होता. तेव्हा यू-२ चा जन्मही झाला नव्हता. एकेकाळी सारे नाकारणाऱ्याने पुढे साऱ्याचे श्रेय घ्यावे, हीही एक गंमतच!

परंतु सगळीच गंमत नव्हती. १७ नोव्हेंबर १९५५ रोजी ग्रूम लेककडे माणसे घेऊन निघालेले एक लष्करी विमान लास व्हेगासजवळच्या माउंट चार्ल्स्टनवर आदळले. चौदा जण दगावले. आपला माणूस कोणत्या कामासाठी गेला, हे त्यांच्या घरच्यांना कित्येक दशके कळले नाही. १ मे १९६० रोजी पेशावरहून निघालेले यू-२ रशियनांनी पाडले, तेव्हा हवामान-संशोधनाचे विमान भरकटले, असे अमेरिकेने जगाला सांगितले. ख्रुश्चेव्ह यांनी वैमानिक जिवंत असल्याचे जाहीर करताच ते सोंग उघडे पडले.

आपला देशही या कथेबाहेर नाही. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर पंडित नेहरूंनी सीमेवरील टेहळणीसाठी यू-२ ला अनुमती दिली, आणि मे १९६४ मध्ये ओरिसातील चारबाटिया येथून असे एक विमान निघालेही. हा तपशील सीआयएच्या कागदपत्रांतून सर्वांपुढे आला तो २०१३ साली. ग्रूम लेकचे ‘एरिया ५१’ हे नावही त्याच कागदपत्रांत उघडपणे छापले गेले.

सत्य मिळाले नाही की लोक तर्काने त्याची मूर्ती घडवतात. १९८६ साली टेस्टर्स या खेळणी-कंपनीने ‘एफ-१९’ नावाच्या गुप्त विमानाचा जुळणी-संच बाजारात आणला. तो धडाक्याने खपला. नोव्हेंबर १९८८ मध्ये खऱ्या विमानाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याचे नावही वेगळे निघाले, एफ-११७, आणि रूपही! खेळणे गोलसर, खरे विमान हिऱ्यासारखे पैलूदार. पण रडारला चकवणारे विमान खरोखरच अस्तित्वात आहे, हा मूळ तर्क मात्र अचूक ठरला.

याच्या उलट ‘ऑरोरा’ची कथा. १९८५ च्या एका अंदाजपत्रकात हे नाव झळकले आणि अतिवेगवान गुप्त विमानाची आवई उठली. ऑगस्ट १९८९ मध्ये क्रिस गिब्सन या अभियंत्याने उत्तर समुद्रातील तेलविहिरीच्या फलाटावरून एक त्रिकोणी विमान पाहिले. हा गृहस्थ विमाने ओळखण्यात मुरलेला होता. पण लॉकहीडचे बेन रिच यांनी १९९४ साली लिहिले की, ऑरोरा हे केवळ बी-२ बाँबफेकी विमानाच्या स्पर्धेसाठी ठेवलेल्या रकमेचे सांकेतिक नाव होते. ऑरोरा विमान कुणी दाखवलेले नाही. गिब्सन यांनी पाहिलेल्या त्रिकोणाचे गूढही सुटलेले नाही.

राष्ट्राला गुपिते लागतात, हे मी अमान्य करीत नाही. शत्रूपासून लपवणे समजू शकते. पण ज्याने खरे पाहून खरे लिहिले, त्या आपल्याच नागरिकाला तुझे डोळे फसले असे सांगणे निराळे. त्याचे मोल सरकारला पुढे चुकवावे लागले: १९५५ नंतर खोटी उत्तरे घेऊन परतलेल्या लोकांच्या नातवंडांना आज सरकारने खरे सांगितले, तरी ते खरे वाटत नाही.