पोको एफ१ चा सातबारा

आपल्या नरखेड तालुक्यात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काउंटरखालचा डबा कधी बघितला का? बॅटरी बदलली की चालतील असे कितीतरी फोन त्यात पडलेले असतात. कंपनीचे अपडेट थांबले, एवढाच त्यांचा दोष. आज अशाच एका फोनचा इतिहास सांगतो.

पोको एफ१ भारतात आला ऑगस्ट २०१८ मध्ये, किंमत २०,९९९ रुपयांपासून. आत स्नॅपड्रॅगन ८४५ चिप आणि लिनक्सचं ४.९ कर्नल. आता गंमत बघा, हे ४.९ निघालं होतं डिसेंबर २०१६ मध्ये! नवाकोरा फोन, पण कर्नल दीड वर्षाहून जुनं. त्यावर चिपवाल्यांचे अन् फोनवाल्यांचे बदल चढवलेले, जे मूळ लिनक्समध्ये, म्हणजे मेनलाइनमध्ये, कधी गेलेच नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये ४.९ ची देखभालही संपली.

मग नवं कर्नल टाका ना! तिथंच तर घोडं अडतं. कॉम्प्युटरमधले बरेचसे भाग स्वतःची ओळख स्वतः सांगतात. फोनमधले बहुतेक भाग मुके. पूर्वी प्रत्येक बोर्डाची माहिती थेट कर्नलच्या कोडमध्ये लिहायचे. पसारा इतका वाढला की मार्च २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स एआरएमवाल्यांवर जाहीरपणे भडकले. मग पॉवरपीसीवर आधीपासून वापरात असलेलं डिव्हाइस ट्री इकडंही आलं. मला तर तो फोनचा सातबाराच वाटतो. कोणता भाग कोणत्या पत्त्यावर, त्याला वीज कुठून मिळते, सगळी नोंद त्यात. ड्रायव्हर वेगळा, ही नोंद वेगळी.

२०२० मध्ये लिनारो संस्थेच्या अमित पुंदीर यांनी पोको एफ१ चा असा सातबारा मेनलाइनसाठी पाठवला. शून्यातून सुरुवात नव्हती. त्याच चिपचं डीबी८४५सी हे बोर्ड आधीच मेनलाइनमध्ये होतं, त्यामुळे चिपचं बरंचसं काम झालेलं होतं. उरला होता फोनचा स्वतःचा भाग, अन् त्यात पडद्यानं चांगलाच घोळ घातला. पोकोनं एकाच मॉडेलमध्ये दोन कंपन्यांचे पॅनल बसवले होते, काहींत तियानमाचं, काहींत ईबीबीजीचं. दोघांचे कंट्रोलर वेगळे, ड्रायव्हर वेगळे. तियानमाचा ड्रायव्हर आधी आला, ईबीबीजीचा २०२२ मध्ये. शेवटी एकाच फोनच्या दोन फायली कराव्या लागल्या. मोठ्या शोधांच्या गोष्टी सगळेच सांगतात, पण खरी मेहनत मला अशा कामात दिसते.

हे कोणासाठी? २०१७ मध्ये ऑलिव्हर स्मिथ यांनी पोस्टमार्केटओएस सुरू केलं, फोन दहा वर्षं चालावा म्हणून. पोको एफ१ त्यावर चालतो. बँकेचं ॲप चालेलच असं नाही, अन् कॅमेरा ही अशा फोनांची जुनी डोकेदुखी. पण घरातला छोटा सर्व्हर किंवा लिनक्स शिकायचं यंत्र म्हणून मला तो झकास वाटतो.

डब्यातला एखादा घेतलाच, तर आधी पॅनल कोणतं ते तपासा बरं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.