धोतराची गाठ आणि त्वचेचा कर्करोग

१९५६ पर्यंत मुंबईच्या अंमलाखाली असलेल्या धारवाड जिल्ह्यात, केलगेरीसारख्या गावीही, धोतर व लुगडे हाच नित्याचा पोशाख असे. धोतराची कमरेवर वर्षानुवर्षे करकचून बांधलेली गाठ क्वचित त्वचेच्या कर्करोगास कारण होते, हे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर व सूर्याबाई यांनी १९४५ साली एका निबंधात जगासमोर मांडले. घर्षणाने पेशी मरतात, त्यांच्या अवशेषांनी पाचारण केलेल्या श्वेतपेशी जखम भरण्यासाठी वाढीचे संदेश सोडतात, आणि व्रण कधी भरूच न दिल्यास शरीराचा तोच संरक्षक बंदोबस्त कर्कपेशींच्या वृद्धीस साह्यभूत होतो. ही यंत्रणा पुढील संशोधकांनी उलगडली. परंतु गरिबाच्या कमरेवरील व्रण शास्त्राच्या दप्तरी नोंदण्यायोग्य मानणारी खानोलकरांची दृष्टी मला अधिक वंदनीय वाटते. त्याच निबंधात त्यांनी खैनीने होणाऱ्या कर्करोगाचीही दखल घेतली होती.