जोडी-नियोजन (सर्पपालनातील)

पाळीव सापांच्या पैदाशीत नर-मादीची जोडी अशी लावणे, की अंड्यातून बाहेर आलेल्या प्रत्येक पिल्लात कोणती रंगजनुके आहेत हे खात्रीने सांगता यावे. ही पद्धत विशेष रुजली ती कॉर्न स्नेक (पँथेरॉफिस गुट्टाटस) या अमेरिकेच्या आग्नेय भागातील बिनविषारी सापाच्या पैदाशीत. मादी एका खेपेला साधारण 10 ते 30 अंडी घालते आणि बरेचसे रंगप्रकार एकेका अप्रभावी जनुकावर अवलंबून असतात. त्यामुळे मेंडेलचे गणित इथे वाटाण्याइतकेच सरळ चालते.

काळे रंगद्रव्य नसलेल्या, लाल डोळ्यांच्या कॉर्न स्नेकला पाळणारे ‘ॲमेल’ म्हणतात. हा गुण अप्रभावी असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ एच. बर्नार्ड बेक्टेल व एलिझाबेथ बेक्टेल यांनी प्रत्यक्ष पैदाशीतून सिद्ध केले आणि 1962 मध्ये प्रसिद्ध केले. त्यामागचा बिघाड ओसीए2 या जनुकात आहे, हे 2015 मध्ये जिनिव्हातील संशोधकांनी दाखवले.

ॲमेल नर आणि मूळ रंगाची, ॲमेल जनुक मुळीच नसलेली मादी यांची सगळी पिल्ले दिसायला मूळ रंगाचीच, पण एकूण एक वाहक असतात. वाहकाला बाजारात ‘हेट’ म्हणतात. असे दोन हेट एकत्र आणले की घोळ सुरू होतो. सरासरी चौथाई पिल्ले ॲमेल निघतात. उरलेल्या मूळ रंगाच्या पिल्लांत तिनांतली दोन वाहक असतात, पण ती कोणती हे डोळ्यांनी कळत नाही. अशा पिल्लावर ‘66 टक्के हेट’ अशी चिठ्ठी लागते. पिल्लू काही दोन-तृतीयांश वाहक नसते. ते एकतर वाहक असते किंवा नसते, आणि गिऱ्हाइकाला त्याचा उलगडा ते वयात आल्यावर, दोन-तीन वर्षांनी होतो. हेट आणि बिनवाहक या जोडीची पिल्ले याहून अडचणीची: एकही ॲमेल नाही आणि निम्मी वाहक.

म्हणून नियम असा, की ज्या जनुकाचा जोडीत कुठेही संबंध आहे, ते निदान एका जनकात उघड दिसले पाहिजे. हेटसमोर ॲमेल ठेवला, तर पिल्लू ॲमेल नसल्यास हेट ठरते. तिसरी शक्यता नाही. दोन जनुकांनाही हेच लागू. ॲमेल आणि लाल रंग नसलेला ‘ॲनेरी’ हे दोन्ही गुण एकत्र आले की पांढुरका-गुलाबी ‘स्नो’ होतो. ॲनेरीचा हेट असलेला ॲमेल आणि स्नो या जोडीतून फक्त स्नो आणि ॲनेरीचे हेट असलेले ॲमेल निघतात, म्हणजे रंग पाहून चिठ्ठी लिहिता येते. याउलट दोन्ही जनुकांचे हेट एकमेकांशी जुळवले, तर सोळांत सरासरी नऊ पिल्ले मूळ रंगाची असतात आणि त्यांत चार वेगवेगळे जनुकसंच दडलेले असतात. स्नो लवकर मिळवण्याच्या हव्यासात अशा जोड्या सर्रास लावल्या जातात.

नियमालाही अपवाद आहे. ‘अल्ट्रा’ आणि ॲमेल ही एकाच जनुकाची दोन रूपे. दोन्ही मिळून ‘अल्ट्रामेल’ हा मधला रंग होतो. अल्ट्रामेलची जोडी मूळ रंगाच्या सापाशी लावल्यास निम्मी पिल्ले अल्ट्राची व निम्मी ॲमेलची वाहक होतात, पण दिसतात सारखीच. ॲमेलशी लावल्यास मात्र संशय उरत नाही. ॲनेरी आणि ‘चारकोल’ यांचे उलट: रंगाने जवळचे, पण जनुके वेगळी. त्यांची पिल्ले मूळ रंगाची निपजतात, आणि पुढच्या पिढीत करडे पिल्लू यांपैकी कोणते हे ठरवणे जिकिरीचे होते.

शंकास्पद मादीची परीक्षा ॲमेल नराशी जुळवून होते. एक जरी ॲमेल पिल्लू निघाले तरी ती वाहक हे सिद्ध. एकही न निघाल्यास शक्यता घटते, शून्य होत नाही. वाहक मादीला दहाही पिल्ले मूळ रंगाची होण्याची शक्यता 1,024 मध्ये 1 असते. सहाच अंडी देणाऱ्या बॉल पायथनमध्ये ती 64 मध्ये 1, म्हणून तिथे ही परीक्षा अपुरी पडते. अलीकडे टाकलेल्या कातीवरून काही जनुकांची प्रयोगशाळेत तपासणी होते.

मादीचे शरीरही हिशोब बिघडवू शकते. ती शुक्राणू साठवून ठेवते. म्हणून नर बदलल्यावर लगेच आलेल्या खेपेचा बाप नवाच, असे गृहीत धरू नये. क्वचित नराविनाही पिल्ले होतात. 2010 मध्ये वॉरन बूथ व सहकाऱ्यांनी वर्णिलेल्या एका बोआ मादीला दोन खेपांत 22 पिल्ले झाली. सगळ्या माद्या, आणि सगळ्यांत आईचाच दुर्मीळ अप्रभावी रंग.

बाकी खात्री नोंदवहीवर अवलंबून असते. अंडी सुमारे 28 अंश सेल्सिअसला दोन महिने उबवतात. प्रत्येक खेपेचा डबा वेगळा हवा आणि त्यावर दोन्ही जनकांची ओळख व तारीख हवी. दोन खेपांची मूळ रंगाची पिल्ले एकदा मिसळली की निवडता येत नाहीत. या शिस्तीची किंमतही आहे: वंश माहीत नसलेला साप घ्यायचा टाळल्याने भाऊ-बहीण, आई-मुलगा अशा जोड्या वाढतात आणि वंश कमकुवत होण्याचा धोका राहतो.

भारतात धामण, तस्कर किंवा अजगर यांच्यावर घरी असे प्रयोग करण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार मनाई आहे.