मॅट्रिक ते मेरिट लिस्ट

मीरा रोड-भाईंदरच्या कॉलेजांत मेरिट लिस्ट लागते, तेव्हा दशांशातल्या फरकाने कुणाचा नंबर लागतो, कुणाचा हुकतो. ही रीत फार जुनी वाटते, पण तशी ती नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. ही परीक्षा शाळेची नव्हे, विद्यापीठाची होती. हा मुलगा इंग्रजीतून पुढचे शिक्षण पेलेल का, एवढेच तिला पाहायचे होते. पास झाला की दार उघडे. संस्कृतात वरचा नंबर आला की जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीसारखा मान मिळे. प्रवेश मात्र त्यावर अडत नसे. पुढे १९४८ च्या कायद्याने एसएससीचे स्वतंत्र बोर्ड आले, परीक्षा विद्यापीठाच्या हातून गेली, आणि 'मॅट्रिक' हा शब्द तेवढा लोकांच्या तोंडी राहिला. मग शिकणारे वाढले, जागा त्या मानाने वाढल्या नाहीत, आणि पात्रता तपासणाऱ्या गुणांवरच रांग लावायची वेळ आली.

गुणांच्या या मापाला रांगेचे ओझे पेलत नाही, हे अकरावीच्या प्रवेशांत उघडे पडले. वेगवेगळ्या बोर्डांचे गुण एका यादीत बसेनात, म्हणून २००९ मध्ये सरकारने ९० टक्के जागा एसएससीच्या मुलांसाठी ठेवल्या. उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. २०२१ मध्ये कोरोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही, तेव्हा अकरावीसाठी सीईटी ठरली. तीही न्यायालयात टिकली नाही. कुणी म्हणेल, गुणांची यादी निदान वशिला ओळखत नाही. हे खरे आहे, आणि मोलाचेही. ऑनलाइन यादी येण्याआधी पालकांना कॉलेजा-कॉलेजांचे उंबरे झिजवावे लागत. म्हणून यादी मोडू नये. पण इनहाउस, अल्पसंख्याक आणि मॅनेजमेंट कोट्यांच्या जागा गेल्यावर जे उरते तेवढ्यापुरतीच ती आंधळी असते, हेही विसरू नये. ज्यांच्या गुणांत एका टक्क्याहून कमी अंतर आहे, अशा मुलांत अभ्यासाचा फरक असतोच असे नाही. त्यांना समान धरून त्यांच्यातल्या घराजवळच्या मुलामुलींना आधी जागा द्यावी. विरारहून खच्चून भरून आलेल्या लोकलमध्ये सकाळी भाईंदरला शिरणे किती अवघड असते, ते गुणपत्रिकेत कुठेच लिहिलेले नसते.