ऊन आणि कार्बन डायऑक्साइडपासून इंधन: हे कसं बनतं आणि आपल्या कामाचं आहे का?

"आता धुरापासून पेट्रोल बनणार" असे व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आले असतील. मी भोकरचा. आमच्या नांदेड-लातूर पट्ट्यात ऊन भरपूर आणि पाणी मोजकं, म्हणून या विषयाचा हिशोब मी आपल्या भागाच्या नजरेतून मांडतोय. चला तर मग, पाहूया.

कार्बन डायऑक्साइड हे इंधन आहे का?

नाही. चुलीतली राख जशी पुन्हा पेटत नाही, तसा कार्बन डायऑक्साइड म्हणजे जळून झालेला कार्बन. त्याचं परत इंधन करायचं तर जळताना जेवढी ऊर्जा बाहेर पडली, निदान तेवढी पुन्हा आत घालावी लागते. ही ऊर्जा सूर्याकडून घ्यायची, एवढीच मूळ कल्पना. इटलीचे रसायनशास्त्रज्ञ जाकोमो चामिचान यांनी ती १९१२ मध्येच मांडली होती.

ऊस तरी दुसरं काय करतो? ऊन, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन साखर बनवतो. त्यापासून झालेलं इथेनॉल आज आपल्या पेट्रोलमध्ये मिसळलेलं असतं.

उत्प्रेरक नेमकं काय करतो?

उत्प्रेरक म्हणजे कॅटॅलिस्ट. तो रासायनिक क्रिया सोपी करतो, पण स्वतः खर्ची पडत नाही. प्रकाशावर चालणाऱ्या उत्प्रेरकाचं काम असं चालतं:

१. प्रकाश पडला की उत्प्रेरकातला इलेक्ट्रॉन जागा सोडतो.
२. त्याच्या रिकाम्या जागेमुळे पाण्यातून ऑक्सिजन वेगळा होतो.
३. मोकळा इलेक्ट्रॉन आणि पाण्यातला हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडला जोडले जातात.
४. त्यातून कार्बन मोनॉक्साइड, फॉर्मिक आम्ल, मिथेनॉल किंवा मिथेन तयार होतो.

जपानचे फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइड वापरून प्रकाशाच्या मदतीने पाणी फोडून दाखवलं. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच ही पूड. १९७९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत अशाच पदार्थांच्या पुडी पाण्यात मिसळून कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉलसारखे पदार्थ मिळवले.

मग अजून बाजारात का नाही?

टायटॅनियम डायऑक्साइड फक्त अतिनील किरण पकडतो आणि उन्हात ते जेमतेम ५ टक्के असतात. सुटलेला इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा काही काम न करताच जागेवर परततो. मिथेनॉलच्या एका रेणूला असे ६ इलेक्ट्रॉन लागतात, मिथेनला ८. त्यात कार्बन डायऑक्साइड सोडून नुसता हायड्रोजनच बनण्याकडे ओढा असतो. म्हणून प्रयोगशाळेतलं उत्पादन खूप कमी असतं.

दुसरा रस्ता जास्त तयार आहे: सोलर पॅनेलच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि तांबं-झिंक ऑक्साइडच्या उत्प्रेरकावर, २०० ते ३०० अंश तापमान आणि मोठ्या दाबाखाली, कार्बन डायऑक्साइडसोबत त्याचं मिथेनॉल करायचं.

एक चौरस मीटर उन्हाचा हिशोब

आपल्याकडे एक चौरस मीटर जागेवर दिवसाला साधारण ५ युनिट ऊर्जा उन्हातून पडते. एक किलो मिथेनॉलमध्ये सुमारे साडेपाच युनिट असते. म्हणजे सगळंच्या सगळं ऊन साठवता आलं, तर दिवसाला ९०० ग्रॅम. दुसऱ्या रस्त्याने साधारण १० टक्के ऊर्जा हाती लागते, म्हणजे ९० ग्रॅम. मिथेनॉलमध्ये पेट्रोलच्या निम्मी ऊर्जा असल्याने तेवढ्यावर बाइक तीनेक किलोमीटर जाईल.

आता तेच ऊन पॅनेलवर घ्या. एक युनिट वीज मिळेल आणि ई-स्कूटर २५-३० किलोमीटर पळेल! त्यामुळे हे इंधन आपल्या दुचाकीसाठी नाहीच. जिथे बॅटरी पुरत नाही, तिथे त्याचं खरं काम: मोठी जहाजं, विमानं, रसायनांचे कारखाने. मिथेनॉलवर चालू शकणारं पहिलं कंटेनर जहाज, 'लॉरा मर्स्क', २०२३ मध्ये सेवेत आलं.

मराठवाड्यात जमेल का?

पहिला प्रश्न गॅसचा. हवेत कार्बन डायऑक्साइड फक्त ०.०४ टक्के आहे. कोळशाच्या वीज केंद्राच्या धुरात तो १२-१४ टक्के असतो. पण साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत आंबवण्याच्या टाकीतून जवळपास शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो, एक किलो इथेनॉलमागे ०.९६ किलो. म्हणजे आपल्याकडे सर्वांत सोपा गॅस चिमणीतून नाही, डिस्टिलरीतून मिळेल.

दुसरा प्रश्न पाण्याचा. २०१५ मध्ये पाणी नव्हतं म्हणून परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्यामुळे ही शंका रास्तच आहे. एक किलो मिथेनॉलसाठी रासायनिक क्रियेत १.७ लिटर पाणी लागतं, त्यातलं अर्धा लिटरहून थोडं जास्त परत मिळतं. हे फार नाही. पण यंत्रं थंड ठेवायला वेगळं पाणी लागतं आणि बोअरचं क्षारयुक्त पाणी थेट चालत नाही, आधी शुद्ध करावं लागतं. उद्या आपल्याकडे असा प्रकल्प आला, तर पाण्याचा पूर्ण आकडा आधी मागायला हवा.

महाराष्ट्रात यावर कोण काम करतंय?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत चिन्नकोंडा गोपीनाथ यांच्या गटाने उन्हात पाण्यापासून हायड्रोजन देणाऱ्या 'कृत्रिम पाना'वर काम केलं आहे. आयआयटी मुंबईत कार्बन पकडणं आणि वापरणं यासाठी राष्ट्रीय केंद्र आहे. ज्यांना रसायनशास्त्रात पुढे शिकायचंय, त्यांनी ही नावं लक्षात ठेवा.

पुढचा व्हिडिओ आला की हे विचारा

- ऊर्जा कुठून आली? ऊन, वीज की कोळसा?
- एका चौरस मीटरमागे दिवसाला किती ग्रॅम इंधन मिळालं?
- उत्प्रेरक किती तास टिकला?
- कार्बन-१३ची चाचणी केली का? उत्प्रेरकावर चिकटलेल्या घाणीतूनही थोडा मिथेन निघू शकतो. कार्बन-१३ असलेला खास गॅस वापरला, तर इंधनातला कार्बन खरंच त्या गॅसमधून आला का, ते कळतं.

या चारांपैकी एकाचंही उत्तर व्हिडिओत नसेल, तर फॉरवर्ड करायची घाई करू नका. तुमचे प्रश्न कमेंटमध्ये नक्की लिहा.