सी.ए. रिपोर्ट वाचायला कुठे शिकवतात?

रत्नागिरीच्या न्यायालयात विषप्रयोगाचा खटला उभा राहिला, की एक कागद त्यात हमखास असतो. वकील मंडळी त्याला नुसतं ‘सी.ए. रिपोर्ट’ म्हणतात. सी.ए. म्हणजे केमिकल ॲनलायझर. सरकारदरबारी ही प्रयोगशाळा कधीच ‘न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा’ झाली, पण कोर्टाच्या व्हरांड्यात जुनंच नाव चालतं. या कागदावर माणसं सुटतात आणि त्यावरच आत जातात. तो वाचायला मात्र वकिलाला कुठे शिकवतात? माझ्या संशोधनाचा मोठा भाग या एका प्रश्नाभोवती फिरतो. आज त्याची ऐतिहासिक बाजू तुमच्यासमोर मांडतो.

न्यायासाठी चालणारी प्रयोगशाळा आपल्याकडे पोलीस खात्यात जन्मली, असं तुम्हाला वाटत असेल. तसं नाही. मद्रासला 1849 साली, कलकत्त्याला 1853 साली, आग्र्याला 1864 साली आणि मुंबईला 1870 साली अशा प्रयोगशाळा निघाल्या. मुंबईत तिची सांगड ग्रँट मेडिकल कॉलेजशी होती. आय. बी. लायन हे तिथे रसायनशास्त्र शिकवत आणि तेच सरकारचे केमिकल ॲनलायझर. 1880च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हिंदुस्थानासाठी वैद्यकीय न्यायशास्त्राचं जाडजूड पुस्तक लिहिलं. सोमल, धोतरा, बचनाग ही इथली विषं त्यात आली, कारण तीच त्यांच्या टेबलावर येत होती. म्हणजे तपासणारा आणि शिकवणारा माणूस एकच. सोमलासाठी मार्शची चाचणी होती. तिच्यात काचेवर काळा चकचकीत डाग उठतो. धोतऱ्याची गंमत वेगळी. त्याचा अर्क मांजराच्या डोळ्यात टाकायचा आणि बाहुली मोठी होते का, ते बघायचं. अशी गोष्ट एकदा डोळ्यांनी पाहिली, की ‘धोतरा आढळला’ या दोन शब्दांमागे किती भरवसा आहे आणि किती नाही, ते आपोआप कळतं.

पण हे पाहायला मिळालं डॉक्टर होणाऱ्यांना. मुंबईत कायद्याचं शिक्षण 1855 पासून चालू होतं, म्हणजे प्रयोगशाळेच्याही आधीपासून. तरी कायद्याचा विद्यार्थी त्या टेबलापर्यंत पोचला नाही. त्याला पोचायची गरजच पडू नये, अशी सोय कायद्यानेच करून ठेवली होती. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 510 सांगत होतं, की सरकारी रसायन परीक्षकाच्या सहीचा अहवाल पुरावा म्हणून वापरता येईल. परीक्षकाला कोर्टात आणण्याची सक्ती नाही. या कलमामागे व्यवहार होता, हे मान्य करायला हवं. रत्नागिरीहून व्हिसेऱ्याची सीलबंद बाटली मुंबईला जायची ती आगबोटीने. पावसाळ्यात बोटी बंद. परीक्षकाने प्रत्येक खटल्यासाठी उलटा प्रवास करायचा म्हटलं असतं, तर त्याला टेबलाशी बसायला वेळच उरला नसता. पण त्याचा परिणाम असा झाला, की जिल्ह्याच्या गावातला वकील अख्खी कारकीर्द सी.ए. रिपोर्ट बघत काढू शकत होता आणि तो रिपोर्ट लिहिणाऱ्याला एकही प्रश्न न विचारता निवृत्त होऊ शकत होता. हे कलम पुढे 1973 च्या संहितेत 293 झालं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 329 आहे. तज्ज्ञाला बोलावण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण त्याला बोलावून विचारायचं काय, हे आधी वकिलाला सुचायला लागतं.

वकिलाला आधार होता पुस्तकाचा. 1920 साली जयसिंग मोदी यांचं वैद्यकीय न्यायशास्त्र आणि विषशास्त्र आलं आणि फौजदारी वकिलाच्या कपाटात ‘मोदी’ ही वस्तू कायमची येऊन बसली. पुस्तक चांगलंच आहे. पण पोहण्याचं पुस्तक वाचून मिऱ्याच्या समुद्रात उतरणं आणि हे यात फार फरक नाही.

याच सुमारास बाहेर काय चाललं होतं, तेही थोडक्यात बघू. स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठाने 1909 साली गुन्हेशोधाच्या विज्ञानाची संस्थाच काढली. विद्यापीठातच फोटोग्राफीची खोली, विद्यापीठातच सूक्ष्मदर्शक. आपल्याकडे 1906 साली भांबुर्ड्याला निघालेली पोलीस प्रशिक्षण शाळा 1909 मध्येच नाशिकला गेली. ती आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी. शाळा उत्तम, पण ती खात्याची. तिथे शिकणारा पुढे फिर्यादी पक्षाच्या बाजूने उभा राहणार, हे ठरलेलं. आरोपीचा वकील, न्यायाधीश, पत्रकार यांच्यासाठी तिथे जागा असण्याचं कारण नव्हतं. म्हणजे प्रात्यक्षिक डॉक्टरांकडे गेलं आणि पोलिसांकडे गेलं, कायदा शिकणाऱ्याच्या वाट्याला वही आणि व्याख्यान आलं.

याने बिघडतं काय, असं तुम्ही विचाराल. दोन खटले सांगतो. दोन्ही महाराष्ट्रातले आणि एकमेकांच्या अगदी उलट टोकांचे.

पहिला अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य. नोव्हेंबर 1956. पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे त्यांच्या डॉक्टरबरोबर रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाल्या. पहाटे बेशुद्धावस्थेत जी. टी. हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्या, खोट्या नावाने, आणि त्याच दिवशी गेल्या. शवविच्छेदन व्हायला दहा दिवस उलटले. केमिकल ॲनलायझरला व्हिसेऱ्यात विष सापडलं नाही. तरीही डिसेंबर 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने डॉक्टरची फाशी कायम ठेवली, परिस्थितीजन्य पुराव्यावर. तीनपैकी एका न्यायमूर्तींचं मत मात्र सोडून द्यावं असं होतं. ‘विष सापडलं नाही’ म्हणजे ‘विष नव्हतं’ असं होतं का? कुठली विषं चाचणीत दिसतात, कुठली दिसत नाहीत, दहा दिवसांत शरीरात काय बदलतं? अख्खा खटला या प्रश्नांवर तोललेला आहे. कायद्याच्या वर्गात तो शिकवला जातो, पण परिस्थितीजन्य पुराव्याचं उदाहरण म्हणून. टेबलावर काय घडलं असेल, या अंगाने क्वचितच.

दुसरा अलीकडचा, ठाणे जिल्ह्यातला. लहान मुलीवर अत्याचार आणि खून. सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. मुख्य आधार डीएनए अहवालाचा. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडलं. नमुने घेतल्यावर ते लगेच प्रयोगशाळेत का गेले नाहीत, तोवर कुठे आणि कसे ठेवले होते, याची उत्तरंच रेकॉर्डवर नव्हती. इतकी वर्षं एक माणूस फाशीच्या छायेत राहिला आणि त्या मुलीला न्याय मिळालाच नाही. हे प्रश्न विचारायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. आपल्या हाताने एकदा नमुना पाकिटात घालून, लेबल लावून, लाखेचं सील करून, कोणी कधी कोणाकडे दिला याची नोंद केलेली असली, की ते तोंडी येतात.

आता आजची स्थिती. राज्याने 2009 पासून मुंबई, औरंगाबाद आणि नंतर नागपूर इथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था काढल्या. तिथे विज्ञान शाखेची मुलं जातात आणि तिथे प्रयोगशाळा आहेत, ही मोठीच गोष्ट. खुद्द रत्नागिरीतही न्यायसहायक विज्ञान संचालनालयाची लघु प्रयोगशाळा आली आहे, म्हणजे निदान आगबोटीचं निमित्त उरलेलं नाही. कायद्याच्या अभ्यासक्रमात मात्र बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार ‘प्रात्यक्षिक’ म्हणजे मसुदालेखन, व्यवसायनीती, तडजोड-मध्यस्थी आणि अभिरूप न्यायालय. मूट कोर्टात मुलं काळा कोट घालून सुंदर युक्तिवाद करतात, पण त्यांच्या हातातला मुद्देमाल कागदावरचाच असतो.

नव्या कायद्यांनी हे टाळणं अवघड केलं आहे. 1 जुलै 2024 पासून सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक होत चाललंय. त्याची पूर्ण अंमलबजावणी करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली मोबाइलमधला व्हिडिओ कोर्टात द्यायचा, तर प्रमाणपत्राबरोबर त्या फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. या प्रमाणपत्राचं महत्त्व जालन्याच्या एका निवडणूक याचिकेवरून, अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्कं केलं होतं. वाद होता उमेदवारी अर्ज भरण्याच्या वेळेचा आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओचा.

हॅश म्हणजे फाइलचा अंगठा, असं समजा. एसएचए-256 पद्धतीने काढला तर 64 अक्षरा-अंकांची ओळ येते. हे तुम्ही आत्ताच करून बघू शकता. विंडोजच्या संगणकात ‘सर्टयुटिल’ नावाची आज्ञा आधीपासूनच असते. एखाद्या मजकुराच्या फाइलची हॅश काढा. मग त्या फाइलमध्ये एक स्वल्पविराम घाला, सेव्ह करा आणि पुन्हा काढा. सगळी ओळ बदललेली दिसेल. नंतर फाइलचं फक्त नाव बदलून बघा. हॅश तीच राहील. दहा मिनिटांचा हा खेळ खेळलेल्या वकिलाला पुढे कोणी ‘हॅश जुळली म्हणजे व्हिडिओ खरा’ असं सांगून गप्प करू शकत नाही. हॅश काढल्यानंतर फाइल बदलली नाही, एवढंच ती सांगते. त्याआधी काय झालं, याबद्दल ती मुकी आहे.

प्रयोगशाळा म्हटलं की कोट्यवधींची यंत्रं डोळ्यांसमोर येतात आणि तिथेच चर्चा संपते, हे मला पटत नाही. रत्नागिरीच्या भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालयासारख्या ठिकाणी सुरुवात करायला जुने चार संगणक, एक जुना मोबाइल, पाकिटं, लाख आणि नोंदवही पुरेल. डीएनए तपासायचं यंत्र तिथे नसलं तरी चालेल, कारण वकिलाने डीएनए तपासायचा नसतो. त्याला तपासणाऱ्याला प्रश्न विचारायचे असतात.

एक गुंता अजून सुटलेला नाही. कलम 63 च्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. पहिल्यावर पुरावा देणाऱ्याची सही, दुसऱ्यावर तज्ज्ञाची. हा तज्ज्ञ नेमका कोण? सरकारने अधिसूचित केलेला परीक्षकच हवा, की संगणक जाणणारा कोणीही चालेल? मोठ्या शहरात पैसे मोजून कोणीतरी मिळेल. राजापूर-लांज्याच्या एखाद्या पक्षकाराला त्याच्या मोबाइलमधल्या धमकीच्या रेकॉर्डिंगसाठी ही दुसरी सही आणायची असेल, तर त्याने कोणाचं दार ठोठवायचं?