पाळी बंद झाल्यावर रक्त दिसलं तर? इस्ट्रोजेन आणि गर्भाशयाचा कॅन्सर

शहापूर-मुरबाडकडच्या आपल्या घरांत पाळी बंद झालेल्या बाईला पुन्हा रक्त दिसलं, की पहिला प्रश्न नमाजचा येतो. तो मसला आलिमांना जरूर विचारावा. पण रक्त का आलं, हे डॉक्टरच सांगू शकतात. त्यासाठी इस्ट्रोजेन काय करतं, ते समजून घेऊ.

तीन इस्ट्रोजेन

बाईच्या शरीरात मुख्यतः तीन इस्ट्रोजेन असतात. इस्ट्राडिओल सर्वांत जोरदार; पाळी चालू असेपर्यंत ते बीजांडकोशात तयार होतं. इस्ट्रिओल कमजोर असतं, ते गरोदरपणात वाढतं. तिसरं इस्ट्रोन. पाळी बंद झाल्यावर बीजांडकोशाचं काम थांबतं, पण चरबीतलं अरोमाटेज नावाचं एन्झाइम दुसऱ्या हार्मोनपासून इस्ट्रोन बनवत राहतं. चरबी जास्त, तर इस्ट्रोनही जास्त.

कॅन्सरशी संबंध

इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवतं आणि प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला लगाम घालतं. हा लगाम नसेल तर अस्तर वर्षानुवर्षं वाढत राहतं आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो. म्हणून लठ्ठपणा असेल किंवा पीसीओएसमुळे पाळी कित्येक महिने येत नसेल, तर धोका वाढतो.

गोळ्यांचं काय?

अमेरिकेत १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांमध्ये हा कॅन्सर कित्येक पटींनी जास्त दिसला. म्हणून आता गर्भाशय असलेल्या बाईला इस्ट्रोजेनच्या गोळ्यांसोबत प्रोजेस्टेरॉनही देतात. दोन्ही हार्मोन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी मात्र अस्तराच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो. स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका त्या घेत असताना थोडा वाढतो. त्यामुळे डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

स्तनाच्या कॅन्सरवरचं टॅमोक्सिफेन स्तनात इस्ट्रोजेनला अडवतं, पण गर्भाशयाच्या अस्तरावर इस्ट्रोजेनसारखं काम करतं. तरीही ती गोळी मनाने बंद करू नका. रक्त दिसलं तर लगेच डॉक्टरांना सांगा.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर वेगळा. त्याचं मूळ एचपीव्ही विषाणूत आहे. त्याची तपासणी वेगळी असते आणि मुलींसाठी लसही आहे.

काय करावं?

पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर एक डाग दिसला, तरी तपासून घ्यावं. अशा दहा बायकांपैकी साधारण नऊ जणींना कॅन्सर निघत नाही, त्यामुळे घाबरू नये. पण हा कॅन्सर झालेल्या बहुतेक बायकांना पहिलं लक्षण हेच दिसतं, त्यामुळे लपवूही नये.

शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात आधी दाखवावं. अस्तराची जाडी सोनोग्राफीत कळते. गरज वाटली तर अस्तराचा तुकडा काढून तपासतात. कॅन्सर निघाला तर परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल आहे. शहापूरकरांना आसनगावहून लोकल मिळते. मुरबाडकरांनी एसटीने कल्याण गाठावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

लवकर सापडलेला हा कॅन्सर बहुतेकदा ऑपरेशनने बरा होतो. अम्मी, खाला, फुफी लाजेपोटी बोलणार नाहीत. त्यांना घरातल्या लेकीसुनांनीच विचारायला हवं.